दुपारी बारालाच सोलरचा इन्व्हर्टर का बंद पडतो?

फेब्रुवारी निम्मा सरला की मला एकाच धाटणीचे फोन सुरू होतात. सकाळी मशीन झकास चालतं, साडेअकरा वाजले की बंद-चालू, बंद-चालू, आणि तीन-चारनंतर पुन्हा काही झालंच नाही असं चालू राहतं. यंदाचा पहिला फोन अमळनेर तालुक्यातल्या बोरी नदीकाठच्या एका गावातून, नानांचा. "भो, ऊन इतलं तपी राह्यनं, मंग मशीन काबर बंद पडस?"

नानांच्या गच्चीवर 540 वॅटचे 10 पॅनल आहेत, तिथंच 5 किलोवॅटचा सिंगल फेज ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज एसी करून थेट लाईनला जोडणारा. दोन वर्षं रोजचे वीस-बावीस युनिट मिळत होते, ते तेरा-चौदावर आले. बसवून देणाऱ्यानं सांगितलं, इन्व्हर्टर लहान पडतोय, 6 किलोवॅटचा घ्या. पैसे देण्याआधी नानांनी विचारलं हे फार बरं झालं. कारण दुखणं इन्व्हर्टरच्या मापात नव्हतंच. मोठा आणला असता तर तोही त्याच वेळी, त्याच कारणानं बंद पडला असता. हे मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी कुणाचे तरी वीस-तीस हजार असेच जातात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ॲपमधला आलेख बघा

इन्व्हर्टरला वायफायची काडी लावलेली असेल तर मोबाइलमध्ये दर पाच मिनिटांची नोंद असते. दिवसभराचं युनिट बघून काही कळत नाही. त्या दिवसाची रेघ कशी दिसते ते बघायचं.

रेघ करवतीच्या दातांसारखी असेल, म्हणजे चार किलोवॅटवरून थेट शून्य, काही मिनिटांनी पुन्हा वर, पुन्हा शून्य, तर लाईनचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढतोय. रेघ वर चढून 5 किलोवॅटला टेबलासारखी सपाट झाली असेल तर तो बिघाड नाही. पॅनल इन्व्हर्टरच्या क्षमतेपेक्षा थोडं जास्त देतायत आणि तो जादाचं सोडून देतोय, एवढंच. रेघ शून्यावर न येता दुपारी एकनंतर मान टाकल्यासारखी खाली झुकत असेल, तेही एप्रिल-मे महिन्यात, तर उष्णता. आणि दिवसभर सगळीच रेघ निम्मी असेल तर पॅनल, सावली किंवा वायरिंग.

नानांची रेघ 4.6 किलोवॅटवरून शून्यावर येत होती. लहान पडलेला इन्व्हर्टर शून्यावर कधीच येत नाही, तो 5 वर अडकून राहतो. निदान तिथंच अर्धं झालं होतं. स्क्रीनवरच्या जुन्या नोंदींत 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' दिवसातून तीस-तीस वेळा सापडलं, तेव्हा उरलेलं अर्धंही झालं.

दाब वाढतो म्हणजे काय होतं

पाटाचं पाणी शेतात येतं कारण पाट उंच आणि शेत सखल. शेतातलं पाणी उलट पाटात सोडायचं असेल तर शेतातली पातळी पाटाच्या वर न्यावी लागेल. विजेचंही तसंच. आपली जादा वीज खांबाकडे ढकलायची तर इन्व्हर्टरला स्वतःच्या टोकाशी खांबापेक्षा जास्त व्होल्टेज उभं करावं लागतं. वायर जितकी बारीक आणि लांब, तितकं जास्त.

याला मर्यादा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांप्रमाणे दाब ठरलेल्या पातळीच्या 110 टक्क्यांवर गेला की अशा यंत्रणेनं दोन सेकंदांच्या आत लाईनपासून सुटायला हवं. आपली पातळी 230 व्होल्ट, म्हणजे हद्द 253. इन्व्हर्टर सुटला की त्याचा प्रवाह थांबतो, दाब लगेच खाली येतो, थोडा वेळ थांबून तो पुन्हा जोडला जातो, पुन्हा जोर धरतो, पुन्हा 253. करवतीचे दात असे पडतात. यंत्र नियमानं वागतंय. त्याला दोष देण्यासारखं त्यात काही नाही.

मग दोन वर्षं का चाललं? कारण 2024 च्या फेब्रुवारीत 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' आली, 3 किलोवॅट आणि त्यावरच्या यंत्रणेला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं, आणि गल्लीगल्लीत पॅनल चढले. ही चांगलीच गोष्ट आहे. पण नानांच्या डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) पूर्वी सोलरवालं एकच घर होतं, आज सात आहेत. भर दुपारी सातही घरं एकाच तारांमध्ये वीज ढकलतात आणि घराघरांत तेव्हा चालू असतो तो एखादा पंखा. फेब्रुवारी-मार्च म्हणूनच वाईट. ऊन कडक झालेलं असतं, हवेत अजून गारवा असल्यानं पॅनल जोरात असतात, आणि कूलर मात्र अजून माळ्यावरच असतात. मे महिन्यात कूलर सुरू झाले की ही तक्रार बरीच कमी होते. लोकांना वाटतं आपोआप बरं झालं. पुढच्या फेब्रुवारीत ती परत येते.

तीन रीडिंग घ्या, दुखणं कुठं ते कळेल

यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो, पण हात सवयीचा हवा. नसेल तर जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि एसी बाजूलाच मोजा. पॅनलकडून येणाऱ्या दोन वायरींवर नानांकडं 400 व्होल्टच्या वर डीसी असतं. चालू लोडवर ते कनेक्टर ओढले तर ठिणगी तुटत नाही, जाळ ताणला जातो. बंद करायचं तर आधी एसीची एमसीबी पाडा, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडची वीज तोडणारा स्विच).

दुपारी बाराच्या सुमारास, इन्व्हर्टर जोरात चालू असताना, पहिलं रीडिंग इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलला, दुसरं मीटर पेटीत. मग इन्व्हर्टरची एसी एमसीबी पाडून तिसरं पुन्हा मीटरपाशी. नानांकडे आले 255 (तो सुटण्याआधीच्या क्षणी), 248 आणि 238.

इन्व्हर्टर बंद असताना 238, म्हणजे खांबावर दाब थोडा चढा पण नियमात. वरचे 17 व्होल्ट नानांच्या स्वतःच्या विजेनं चढवलेले. त्यातले 7 गच्ची ते मीटर या वायरीत आणि 10 मीटर ते खांब या सर्व्हिस वायरीत. कागदावरही हे जुळतं. 5 किलोवॅट म्हणजे साधारण 22 अँपिअर. गच्चीपासून मीटरपर्यंत 35 मीटर, जाऊन-येऊन 70 मीटर, 4 एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटर) तांब्याची वायर, रोध सुमारे 0.32 ओहम, गुणाकार केला की सात व्होल्ट. सर्व्हिस वायर 30 मीटर, 4 एमएम ॲल्युमिनियम, जाऊन-येऊन सुमारे 0.44 ओहम, गुणाकार पावणेदहा.

ही 4 एमएमची वायर 22 अँपिअरला तापत नव्हती, जळत नव्हती, म्हणून बसवणाऱ्याला ती पुरेशी वाटली. आपण इलेक्ट्रिशियन लोक वायर निवडताना 'जळेल का' एवढंच बघतो. सोलरमध्ये 'दाब किती चढेल' हेही बघावं लागतं. माझा स्वतःचा नियम असा : इन्व्हर्टर ते मीटर दोन व्होल्ट, फार तर तीन. त्याच्या वर गेलं की वायर वाढवायची किंवा इन्व्हर्टरच मीटरजवळ आणायचा. इन्व्हर्टर खाली आणला तर मधलं अंतर डीसी वायर तोडते. तिथं दाब 400 च्या आसपास असल्यानं प्रवाह निम्मा, आणि वायरीत पडलेला थोडा दाब लाईनच्या हद्दीच्या आड येतच नाही.

तुमचं तिसरं रीडिंग, म्हणजे इन्व्हर्टर बंद असतानाचंच, 248-250 असेल तर घरात कितीही वायर बदला, उपयोग नाही. ते काम डीपीचं आहे.

आणि एक गोष्ट सगळ्यांच्या आधी तपासा. रात्री, सोलर झोपलेलं असताना, दाब उड्या मारतो का? शेजारी मोटर लागली की तुमचे बल्ब एकदम लख्ख होतात आणि दुसऱ्या घरातले मंद? मग न्यूट्रल ढिला आहे. हे सोलरचं दुखणं नाही आणि यात एक दिवसही थांबू नका. टीव्ही, फ्रिज, सगळं एका दुपारीत जाऊ शकतं. वीज कंपनीच्या 1912 या तक्रार क्रमांकावर कळवा, खांबावर स्वतः चढू नका.

उपाय, स्वस्तापासून

पहिला फुकटचा. दुपारची वीज दुपारीच वापरा. पाण्याची मोटर, गिरणी, वॉशिंग मशीन, गिझर अकरा ते दोनमध्ये लावले की बाहेर ढकलायची वीज कमी, म्हणून चढही कमी. नानांच्या घरी आटाचक्की सकाळी सातला लागायची, ती आता बाराला लागते.

दुसरा, सगळी जोडणी पुन्हा आवळणं. एमसीबी, आणि वायरमनकडून मीटरचे टर्मिनल, खांबावरचा जोड. तांबं आणि ॲल्युमिनियम नुसते पिळून जोडलेले असले की दोन पावसाळ्यांत तिथं काळा थर धरतो आणि एकट्या त्या जोडावर दोन-तीन व्होल्ट जातात. हात लावून गरम लागणारा जोड म्हणजे युनिट खाणारा जोड (लाईन बंद करून मगच हात लावा).

तिसरा, फेज बदलणं. एकाच डीपीवर तिन्ही फेज सारखे नसतात. एकावर 240, दुसऱ्यावर 230 असं सर्रास असतं, आणि सोलरवाली चार घरं एकाच फेजवर आलेली असतात. लेखी अर्ज द्या, तीन रीडिंग सोबत लिहा, तारीख-वेळ टाका. वायरमन तुमची सर्व्हिस हलक्या फेजवर घेऊ शकतो. नुसतं 'सोलर बंद पडतं' म्हणून गेलात तर 'तुमच्या बसवणाऱ्याला विचारा' असं उत्तर येतं; आकडे घेऊन गेलं की ऐकून घेतात, हा माझा अनुभव. डीपीला टॅप (दाब पायरीपायरीनं कमी-जास्त करायची सोय) असेल तर तोही एक पायरी उतरवता येतो, पण सगळ्याच लहान डीपींना टॅप नसतो, आणि उतरवला तर संध्याकाळी लाईनच्या टोकाच्या घरांचा दाब फार पडणार नाही ना, हे त्यांना बघावं लागतं.

चौथा, वायर. नानांनी घरातली 4 ऐवजी 10 एमएम तांबं घातली : सातचे तीन व्होल्ट झाले. सर्व्हिस वायर अर्ज करून 10 एमएम ॲल्युमिनियम झाली : दहाचे चार. आता भर दुपारी इन्व्हर्टरपाशी 245 असतात. सगळ्याचा खर्च नव्या इन्व्हर्टरच्या पाव भागाइतका.

पाचवा, थ्री फेज. घरात थ्री फेज जोडणी असेल किंवा घेणारच असाल तर 5 किलोवॅटला थ्री फेज इन्व्हर्टरच घ्या. 22 अँपिअरचे तीन वाटे, प्रत्येकी सातच्या आसपास. आणि तिन्हीकडे सारखा प्रवाह असला की न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच परत येत नाही, म्हणजे जाऊन-येऊनचं अंतर निम्मं. तिसरा हिस्सा गुणिले निम्मं, चढ एक षष्ठांश. नानांचे 17 व्होल्ट तीनवर आले असते. नवीन बसवणाऱ्यांनी या एका ओळीचा विचार नक्की करावा.

आणि सेटिंग. बरेच जण पासवर्ड मिळवून वरची हद्द 253 वरून 270-275 करून देतात. 'बघा, झालं चालू!' झालं खरं, पण आता तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या फ्रिजला, एलईडी बल्बला दुपारभर 260 मिळतात. हे करू नका आणि कुणाला करू देऊ नका. त्याऐवजी सेटिंगमध्ये व्होल्ट-वॅट नावाची सोय असते, ती चालू करून घ्या. त्यानं दाब हद्दीजवळ आला की इन्व्हर्टर एकदम सुटत नाही, हळूहळू उत्पादन कमी करतो. पाचचे शून्य होण्यापेक्षा पाचचे चार झालेले केव्हाही चांगले. व्होल्ट-व्हार म्हणून दुसरी सोय असते, पण गावातल्या बारीक तारांवर तिचा फरक थोडाच पडतो. त्याआधी देशाचा ग्रिड कोड, म्हणजे कोणत्या देशाच्या लाईनच्या नियमांनी चालायचं ते सेटिंग, 'इंडिया' आहे ना तेही बघा. दुसऱ्याच देशाचा कोड तसाच राहून गेलेली दोन यंत्रं मी या वर्षी दुरुस्त केली.

मे महिन्यातलं दुखणं वेगळं

भुसावळ, जळगावात पारा 45 च्या वर जातो तेव्हाची तक्रार ऐकायला तशीच असते, 'दुपारी कमी देतं', पण कारण दुसरं. 5 किलोवॅटचा इन्व्हर्टर दोन-तीन टक्के वीज उष्णतेत घालवतो, म्हणजे शंभर-दीडशे वॅट. कपाटात शंभरचा पिवळा बल्ब दिवसभर चालू ठेवल्यासारखं ते आहे. बहुतेक इन्व्हर्टर 45 अंशांच्या आसपास स्वतःला आवरतं घेऊ लागतात. आता तो पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याच्या शेडखाली, वर चोरीच्या भीतीनं लोखंडी पेटीत बंद केला तर पेटीच्या आत काय असेल ते बघायला थर्मामीटर नको.

उत्तरेची भिंत, सावली, चारही बाजूंना हातभर मोकळी जागा. पेटी हवीच असेल तर जाळीची. जिनिंगजवळच्या घरांत कापसाची बारीक रुई मागच्या पन्हाळ्यांत बसते, ती महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशनं काढा. एवढ्यानं न भागलेलं घर मी क्वचित पाहिलंय.

पॅनलही तापतात. पॅनलचं माहितीपत्रक वाचा : शक्तीचा उतार अंशामागे साधारण 0.35 टक्के, 25 अंशांपासून मोजून. मे महिन्यात पॅनलची काच 70 अंशांना गेली की सुमारे 16 टक्के गेले. नानांचे 5.4 किलोवॅट तेव्हा साडेचारच देतात, धूळ वेगळी. म्हणून आपल्याकडं 5 किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर साडेपाच-सहा किलोवॅटचे पॅनल टाकणं ही चूक नाही, शहाणपण आहे. 'पॅनलइतकाच इन्व्हर्टर हवा' हा आग्रह सोडा. मार्चच्या काही दुपारी रेघ सपाट होईल, होऊ द्या.

माप मात्र थंडीतलं घ्या

खान्देश उन्हासाठी प्रसिद्ध, पण स्ट्रिंगचं (एकामागोमाग जोडलेल्या पॅनलच्या ओळीचं) माप ठरवताना धुळ्याची जानेवारीतली पहाट आठवायची. थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं, अंशामागे साधारण 0.28 टक्के. 540 वॅटच्या पॅनलचं मोकळं (काही जोडलेलं नसतानाचं) व्होल्टेज साडेएकोणपन्नासच्या आसपास असतं. 5 अंशांना ते 52 च्या वर जातं. दहा पॅनल ओळीनं, म्हणजे सुमारे 523. इन्व्हर्टरची डीसी मर्यादा 500 असेल तर तो उन्हाळाभर नीट चालेल आणि एखाद्या कडाक्याच्या सकाळी कायमचा जाईल. मर्यादा 550 किंवा 600 हवी. लेबलवर ही एक ओळ न वाचता घेतलेला इन्व्हर्टर वॉरंटीतही बसत नाही, कारण जादा व्होल्टेजची नोंद त्याच्या आतच राहते.

दुसरी ओळ प्रवाहाची. या मोठ्या पॅनलचा चालू प्रवाह 13 अँपिअर आणि जुन्या मॉडेलची इनपुट मर्यादा 12.5 असते. असा इन्व्हर्टर स्वस्तात मिळाला तर तो जळणार नाही, पण भर उन्हातलं थोडं थोडं रोज कापत राहील. आणि काही पॅनल पूर्वेला, काही पश्चिमेला असतील, किंवा दोन पॅनलवर टाकीची सावली येत असेल, तर ते एकाच ओळीत जोडू नका. दोन एमपीपीटी (ओळीतून जास्तीत जास्त वीज काढणारं सर्किट) असलेला घ्या आणि दोन ओळी वेगळ्या ठेवा.

पावसाळ्यात सकाळी 'आयसोलेशन फॉल्ट'

हा फॉल्ट म्हणजे पॅनलकडच्या वायरीतून जमिनीकडे करंट गळतोय. जूनच्या पहिल्या पावसानंतर सकाळी आठपर्यंत सुरूच होत नाही, ऊन तापलं की होतं : कुठला तरी कनेक्टर गच्चीवर पाण्यात लोळतोय किंवा खारीनं वायर कुरतडलीय. एकेक ओळ सोडवून तपासावी लागते. फॉल्ट सारखा 'क्लिअर' करत बसू नका, ओल्या लोखंडी चौकटीत करंट असू शकतो. उन्हाळ्यात उलट. आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंग नावालाच उरतं. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओता.

लाईट गेल्यावर सोलर बंद पडतं ही मात्र तक्रार नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव त्यावर असतो, म्हणून ऑन-ग्रिड इन्व्हर्टर तेव्हा बंदच राहायला हवा. भारनियमनात दिवे हवेत तर बॅटरीसह हायब्रिड घ्यावा लागतो, आणि त्याचं माप पॅनलवरून नाही, मोटरच्या सुरुवातीच्या ओढीवरून ठरतं : एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना किलोवॅटभर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट.

मला किंवा दुसऱ्या कुणालाही विचारायचं असेल तर एवढं आधी लिहून ठेवा : बंद पडलेल्या दिवसाचा आलेख, स्क्रीनवरचा फॉल्टचा नेमका शब्द, वरची तीन रीडिंग वेळेसह, गच्ची ते मीटर आणि मीटर ते खांब अंतर, दोन्ही वायरींचे एमएम, पॅनल आणि इन्व्हर्टरच्या लेबलचे फोटो, आणि तुमच्या डीपीवर सोलरवाली घरं किती ते.